काट्यावरचं पहिलं वजन

मूल जन्मलं की आपल्याकडे दोन आकडे टिपले जातात. एक वेळेचा, अगदी मिनिटापर्यंत, दुसरा वजनाचा. वेळ पत्रिकेत जाते आणि लग्न ठरेपर्यंत कपाटात जपली जाते. वजन दवाखान्याच्या कार्डावर राहतं, आणि लसी संपल्या की ते कार्डच सापडेनासं होतं. पाचवी-सहावीच्या रात्री सटवी येऊन कपाळावर काय ते लिहून जाते, म्हणून पाटाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी घरं आजही आहेत. जन्माच्या घडीत पुढचं आयुष्य ठरतं, ही कल्पना आपल्या चांगलीच अंगवळणी पडलेली आहे.

वेळेच्या आकड्याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या आणि ज्योतिषांना ओळखायला दिल्या. प्रत्येकाकडे ४० पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, त्यांचं सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. तो निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

या लेखाचा विषय दुसरा आकडा. जन्मवेळचं वजन आणि त्यामागची आईची प्रकृती यांवरून पन्नाशीतला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, इतकंच काय पगारसुद्धा काही अंशी सांगता येतो, असा दावा गेली चाळीसेक वर्षं होत आला आहे. त्याची सुरुवात इंग्लंड-नॉर्वेत झाली, पण त्यातला एक महत्त्वाचा अध्याय पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत लिहिला गेला.

नोंदवह्यांतून निघालेला प्रश्न

हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, असं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळेच धरून चालले होते. त्याला पहिला छेद नॉर्वेच्या आंदेर्स फोर्सदाल यांनी १९७७ मध्ये दिला. ज्या भागांत पूर्वी तान्ह्या बाळांचे मृत्यू जास्त होत, त्याच भागांत पुढे प्रौढांचे हृदयविकारही जास्त, असं त्यांनी दाखवलं. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी १९८६ मध्ये इंग्लंड-वेल्सचे नकाशे असेच शेजारी शेजारी ठेवले. १९२१ ते २५ मधले बालमृत्यू एका नकाशात, १९६८ ते ७८ मधले हृदयविकाराचे मृत्यू दुसऱ्यात. दोन्ही बरेचसे जुळत होते.

पण नकाशे जिल्ह्यांबद्दल बोलतात, माणसांबद्दल नाही. माणसांच्या नोंदी सापडल्या हर्टफर्डशरमध्ये. तिथे एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली १९११ पासून सुईणी बाळाचं जन्मवेळचं आणि आरोग्यसेविका घरोघरी जाऊन वर्षाचं झाल्यावरचं वजन नोंदवत होत्या. बार्कर यांच्या गटाने १९११ ते ३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. वर्षाचे असताना सर्वांत हलके असलेल्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जड असलेल्यांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. हे १९८९ चं काम. चेष्टेवारी नेण्याजोगा नव्हता हा आकडा.

१९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी त्याचं स्पष्टीकरण मांडलं. गर्भाला अन्न कमी पडलं की शरीर काटकसर करतं. मेंदू सांभाळतं, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. पुढचं आयुष्यही टंचाईचंच गेलं तर हे शरीर निभावून नेतं. पण नंतर सुबत्ता आली की तेच शरीर साखर आणि चरबी हाताळायला अपुरं पडतं. त्याआधी १९६२ मध्ये जेम्स नील यांनी काटकसरीची ही सवय जनुकांत असते असं म्हटलं होतं. हेल्स-बार्कर यांनी ती जनुकांतून उचलून गर्भाशयात नेली. पुढचा सगळा वाद या स्थलांतराभोवती फिरतो.

उपासमारीत रुजलेली मुलं

गर्भवतींना उपाशी ठेवून प्रयोग करता येत नाही. इतिहासाने मात्र ते काम अनेकदा केलेलं आहे, आणि संशोधक अशा प्रसंगांकडे वळले. सर्वांत प्रसिद्ध प्रसंग हॉलंडचा. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमधलं रेशन माणशी दिवसाला हजार कॅलरींच्याही खूप खाली आलं आणि मे १९४५ मध्ये सुटका होताच पूर्ववत झालं. उपासमारीला स्पष्ट सुरुवात होती, स्पष्ट शेवट होता आणि मागे नीट दप्तर होतं. सैन्यभरतीच्या नोंदींवरून १९७६ मध्ये दिसलं की गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार झालेल्या तरुणांत लठ्ठपणाचं प्रमाण जास्त होतं. नंतरच्या अभ्यासांत त्यांच्यात हृदयविकार आणि स्किझोफ्रेनियाही जास्त आढळले. २००८ मध्ये तर साठ वर्षांनंतरही एका वाढनियंत्रक जनुकावरच्या रासायनिक खुणा वेगळ्या असल्याचं प्रसिद्ध झालं. यातला खरा चकवा असा, की पहिल्या तिमाहीत उपासमार सोसलेल्या मुलांचं जन्मवेळचं वजन जवळपास नेहमीसारखंच होतं. म्हणजे वजन ही खूण झाली. मूळ कारण त्याच्या मागे कुठेतरी असणार. आणि एकोणिसाव्या वर्षीच्या बुद्धिमापन चाचण्यांत या मुलांत काही उणीव आढळली नव्हती, हे स्टाइन आणि सुसर यांनी १९७५ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. लोकप्रिय लेखनात हा भाग सहसा गाळला जातो.

लेनिनग्राडच्या वेढ्यात जन्मलेल्यांवरचा अभ्यास १९९७ मध्ये आला तेव्हा चित्र वेगळं होतं. तिथे साखरेच्या विकारात फरक दिसला नाही. समर्थक म्हणाले, हॉलंडमध्ये उपासमारीनंतर सुबत्ता आली, लेनिनग्राडमध्ये टंचाई चालूच राहिली. त्यामुळे विसंगती निर्माण झाली नाही. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण ते निकाल लागल्यानंतर दिलेलं आहे, एवढं लक्षात ठेवावं लागतं. चीनच्या १९५९ ते ६१ च्या दुष्काळावर डझनांनी निबंध निघाले आणि बहुतेकांत मधुमेह वाढलेला दिसला. मग लुमे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुष्काळातल्या मुलांची तुलना नंतर जन्मलेल्या, म्हणजे वयाने लहान असलेल्यांशी केली होती. वयाचा हिशेब सरळ केल्यावर परिणाम बराचसा विरतो.

याउलट २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला ब्रिटनचा अभ्यास बळकट वाटतो. तिथलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनची साखर मिळालेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. उपाशी राहणं आणि गोड कमी मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींच्या खुणा मागे राहतात असं दिसतं.

पुण्याजवळची सहा गावं

इंग्लंडात साडेतीन किलोच्या आसपासच्या बाळांवर उभा राहिलेला सिद्धांत आपल्याकडे कसा लागू व्हायचा? आपल्याकडे अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि अलीकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशी बाळं सुमारे १८ टक्के होती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेही रुग्ण तपासताना एका गोष्टीने कोड्यात पडले होते. रुग्ण तरुण होते, आणि पुस्तकाच्या व्याख्येने लठ्ठही नव्हते. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. आरोग्यसेविका महिन्याला घरी जात, पाळी चुकली की नोंद होई, आणि तिथून पुढे आई काय खाते, किती राबते, पोट किती वाढतं हे सगळं लिहिलं जाई. या बायांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, गर्भधारणेआधीचं वजन ४२ किलो. विहिरीचं पाणी, शेतातली खुरपणी, गुरं, चूल, सगळं चालू. अशा सुमारे आठशे गर्भारपणांचा पाठपुरावा झाला.

पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन निघालं २,६६५ ग्रॅम. साउदॅम्प्टनची बाळं ३,४९४ ग्रॅमची. हा फरक अपेक्षितच होता. अनपेक्षित गोष्ट चिमट्याने कातडीची जाडी मोजली तेव्हा दिसली. पुण्याच्या बाळांचे दंड-पोटऱ्या बारीक, पोट लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी गोऱ्या बाळांच्या जवळपास जाणारी. किडकिडीत दिसणारं बाळ आतून चरबी राखून होतं. याज्ञिकांनी त्याला ‘बारीक तरी चरबीदार’ भारतीय बाळ म्हटलं. २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. वैद्यकीय नियतकालिकात इतका बोलका फोटो क्वचितच छापला गेला असेल.

पुढे त्याच मुलांना सहाव्या वर्षी तपासलं तेव्हा आणखी एक धागा हाती आला. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची चिन्हं अधिक होती. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सरकार सगळ्या गर्भवतींना देतं; बी-१२ दूध, अंडी, मांसातून येतं, आणि ते घरात कुणाच्या ताटात किती पडतं हा स्वतंत्र विषय आहे. हे संबंध दाखवणारं निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, आणि फॉलिक अ‍ॅसिडने जन्मदोष टळतात हे निर्विवाद आहे. तरी ‘पोषण’ म्हणजे फक्त कॅलरी नव्हेत, हे या कामाने जगाच्या लक्षात आणून दिलं. याच अभ्यासात ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध अधिक खात, त्यांची बाळं मोठी होती. एकूण कॅलरींशी मात्र तसा संबंध दिसला नव्हता.

दिल्लीचा अभ्यास त्याला पूरक ठरतो. १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांची वजनं डॉ. संतोष भार्गव यांच्या गटाने वर्षानुवर्षं टिपली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिशीच्या आसपास मधुमेहाकडे झुकलेले लोक दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि नंतर बालपणभर भराभर वजन घेत गेले होते. त्यातले बहुतेक लहानपणी कधीच लठ्ठ म्हणवले गेले नसते. आपल्याकडे बारीक मुलाने बाळसं धरलं की आनंद होतो. नेमकी कधी आणि कशी वाढ चांगली, याबद्दल बालरोगतज्ज्ञांत अजून एकमत नाही. पहिल्या दोन वर्षांतली वाढ हितकारक आणि नंतरची चरबीची वाढ धोक्याची, इतपत सर्वसाधारण मान्यता आहे.

आक्षेप

या सिद्धांताला पहिल्यापासून कडवे टीकाकार लाभले, आणि त्यांच्यामुळेच तो सुधारला. पहिला आक्षेप साधा आहे: कमी वजनाचं बाळ गरीब घरात जन्मतं आणि गरीब घरातच वाढतं. पुढच्या आजाराला गर्भ जबाबदार की नंतरची पन्नास वर्षं, हे वेगळं कसं करायचं? १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गर्भात असलेल्या अमेरिकी मुलांचं पुढचं शिक्षण आणि उत्पन्न कमी राहिलं, असं डग्लस आल्मंड यांनी २००६ मध्ये दाखवलं तेव्हा अर्थशास्त्रज्ञांत खळबळ उडाली होती. ब्राउन आणि थॉमस यांनी लक्षात आणून दिलं की तेव्हा अनेक तरुण महायुद्धावर होते, आणि मागे राहून बाप झालेले पुरुष सरासरीने कमी शिकलेले, कमी मिळकतीचे होते. हे धरल्यावर परिणाम खूप उतरतो.

दुसरा आक्षेप आकडेशास्त्राचा. हक्सली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये रक्तदाबावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र केले. छोट्या अभ्यासांत परिणाम मोठा, मोठ्या अभ्यासांत छोटा. तीन हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासांत जन्मवजनातल्या किलोभर फरकामागे रक्तदाबात जेमतेम ०.६ मिलिमीटरचा फरक. म्हणजे ठळक निकाल छापले गेले आणि फिके टेबलाच्या खणात राहिले, अशी दाट शंका.

तिसरा आक्षेप जनुकांचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. गर्भाची वाढ इन्शुलिनवर चालते. ज्या जनुकामुळे इन्शुलिन कमी बनतं, त्याने बाळही हलकं होईल आणि पुढे मधुमेहही होईल. उपासमारीची गरजच नाही. ग्लुकोकायनेज जनुकातला दोष वारशाने आलेली बाळं सुमारे अर्धा किलो हलकी असतात, हे हॅटर्सली यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. २०१९ च्या एका प्रचंड जनुकीय अभ्यासाने तर जन्मवजन आणि रक्तदाब यांच्या नात्याचा बराचसा भाग वारशातून येतो, गर्भाशयातल्या परिस्थितीतून नव्हे, असं म्हटलं. मात्र तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे. ४२ किलोच्या आया त्यात नव्हत्या.

एकाच घरातली दोन मुलं

भारतात या वादाला एक वेगळं वळण मिळालं. आपली मुलं आफ्रिकेतल्या आपल्याहून गरीब देशांच्या मुलांपेक्षाही बुटकी का? अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलं की जागतिक मापदंडच आपल्याला लागू होत नाही, भारतीय मुलं मुळातच जनुकीयदृष्ट्या बुटकी असू शकतात. त्यावर बरीच उत्तरं आली. त्यांतलं एक असं, की तो मापदंड ज्या सहा देशांतल्या मुलांवरून तयार झाला त्यांत दक्षिण दिल्लीतल्या सुखवस्तू घरांची मुलंही होती, आणि ती ऑस्लो किंवा कॅलिफोर्नियातल्या मुलांसारखीच वाढली होती.

डीन स्पीअर्स यांनी बोट ठेवलं उघड्यावरच्या शौचावर आणि त्यातून होणाऱ्या सततच्या पोटाच्या आजारांवर. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये सांगितलं की भारतातली पहिली मुलं आफ्रिकी मुलांपेक्षा कमी नाहीतच. उणीव दुसऱ्यापासून सुरू होते आणि पुढे वाढते, कारण मुलगा झाल्यावर पुढच्यांवरचा खर्च आखडतो. त्यावरही, मोठी कुटुंबं मुळातच गरीब असतात आणि पाहणीत कोणती भावंडं मोजली जातात हेही पाहायला हवं, असे आक्षेप आले आहेत.

मला सर्वांत ठाव घेणारा वाटतो तो डायान कॉफी, स्पीअर्स आणि रितिका खेरा यांचा अभ्यास. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या दोन भावांची मुलं त्यांनी ताडून पाहिली. घर तेच, शेती तीच, पाणी तेच, आजोबा-आजीही तेच. तरी धाकट्या भावाची मुलं थोरल्याच्या मुलांपेक्षा बुटकी निघाली. त्यांच्या मते फरक आईच्या घरातल्या पायरीचा आहे. धाकट्या जावेला बोलायची मुभा कमी, फिरायची कमी, आणि तिचं अंगही हलकं. धाकटी सून सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर पातेल्यात उरेल ते खाते, हे मराठी घरांत कुणी मुद्दाम सांगावं लागत नाही. कॉफी यांनीच २०१५ मध्ये दाखवलं की गर्भधारणेच्या सुमारास भारतातल्या ४२.२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात. सहारापलीकडच्या आफ्रिकेत हेच प्रमाण १६.५ टक्के. देशाचं उत्पन्न इथे आपल्या बाजूने आहे. ताटं वाढण्याचा क्रम नाही.

उपाय करून पाहिले तेव्हा

सिद्धांताची खरी कसोटी इथे लागते. ग्वाटेमालात १९६९ ते ७७ दरम्यान काही गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेय आणि काहींना नुसतं गोड सरबत देण्यात आलं. पहिल्या दोन वर्षांत प्रथिनयुक्त पेय मिळालेले मुलगे मोठेपणी तासामागे ४६ टक्के जास्त कमावत होते, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलींच्या कमाईत तसा फरक दिसला नाही. जन्मानंतरही बरंच काही करता येतं, याचा हा सर्वांत भक्कम दाखला मानला जातो.

जन्माआधीचं चित्र एवढं स्वच्छ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजार स्त्रियांना २००६ पासून गर्भधारणेआधीच रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ देण्यात आला. उरलेल्यांना त्याच आकाराचा पण साध्या भाज्यांचा. एकूण सरासरीत बाळाच्या वजनात ठोस फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांची बाळं ४८ ग्रॅमनी जड होती, आणि त्यातही फायदा फार बारीक नसलेल्या स्त्रियांना झाला. सर्वांत कृश स्त्रियांपर्यंत तो पोचलाच नाही. ४८ ग्रॅम म्हणजे काट्यावर जेमतेम हलणारा फरक. पण त्याच प्रयोगात गर्भारपणातला मधुमेह कमी झाला, आणि तो निकाल वजनापेक्षा मोलाचा ठरू शकेल. पुण्यातही त्या सहा गावांतल्या मुली वयात आल्यावर २०१२ पासून त्यांना गर्भधारणेआधी बी-१२ देऊन पाहिलं. त्यांच्या मुलांची दोन वर्षांची असतानाची आकलनाची आणि भाषेची वाढ सरस आढळली. अर्थात मुलांची संख्या छोटी होती.

शिल्लक प्रश्न

आज कुणी जाणकार ‘गर्भातच सगळं ठरतं’ असं म्हणत नाही, आणि गर्भारपणाचा पुढच्या आरोग्याशी काही संबंध नाही असंही म्हणत नाही. मतभेद आहेत ते मापाचे. जनुकांचा वाटा किती, गर्भाचा किती, पहिल्या दोन वर्षांचा किती, याचं उत्तर देशागणिक बदलेल असं दिसतं. जिथे सगळ्या आया पोटभर खातात तिथे उरलेला फरक जनुकांचाच दिसणार. आपल्याकडचं प्रमाण वेगळं असण्याची शक्यता मला बरीच वाटते, पण ती अजून शक्यताच आहे.

दुसरा मतभेद जबाबदारीचा. ‘नेचर’मध्ये २०१४ साली सेरा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी इशारा दिला की या संशोधनाच्या बातम्या शेवटी आयांना दोष देण्यावर येतात: हे खाल्लं नाही, ते टाळलं नाही. याज्ञिकांसारखे संशोधक यावर म्हणतात की रोख आईच्या चुकीवर नाही, तिच्या स्वतःच्या बालपणावर आहे. १५२ सेंटिमीटरची उंची तिने गर्भारपणात कमावलेली नाही. पण हा युक्तिवाद मागे मागे नेला तर तो आजीपर्यंत पोचतो, आणि कोणत्या पिढीत पैसे घातले तर कोणत्या पिढीत फळ दिसेल हे सांगणं अवघड होऊन बसतं.

यात एक अडचण अगदी व्यवहारातली आहे. राज्यातल्या योजना गर्भवतीची नोंद झाल्यावर सुरू होतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली २०१५ पासून गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. आशाताई, अंगणवाडी सेविका यांचं कामही दिवस गेल्याचं कळल्यापासून धरलं जातं. मुंबईचा प्रयोग सांगतो की परिणाम हवा असेल तर निदान तीन महिने आधी सुरुवात हवी. त्या वेळी ती मुलगी कुठल्याच रजिस्टरात गर्भवती नसते. लग्न होऊन सासरी आलेली असते, घरात सर्वांत धाकटी असते, आणि बहुधा सगळ्यांच्या शेवटी जेवत असते.